आप्पांची हक्की नोंद

आप्पा गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही पक्षी नव्हता.

आज वर्ष झालं. आणि आज मला हे छाती फुगवून सांगायचं आहे.

माझे वडील उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. आठवडाभर वाळूचे साचे आणि धूर. सुट्टी आली की जुनी मोटरसायकल काढून थेट कणकुंबीचं जंगल. गळ्यात सेकंडहँड दुर्बीण, पिशवीत भाकरी.

हा नाद त्यांना लावला फाउंड्रीतल्या एका कन्नड दोस्तानं. त्यामुळे पक्ष्याला त्यांच्या तोंडी कन्नड शब्दच बसला. हक्की.

वहीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत, आपल्या मराठीत लिहिलं होतं: हक्की नोंद.

ती वही एकदा गावच्या घरी राहिली आणि थोरल्या काकांच्या हाती लागली. वाटणीची बोलणी तेव्हा कुठं नुकती थंड झाली होती. काकांनी चष्म्याशिवाय वाचलं, 'हक्क नोंद'.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात.

"जमिनीत हक्क पायजे व्हय रं तुला? तोंडानं माग की! चोरून नोंदी कशाला करालास?"

"हक्क न्हाय अण्णा, हक्की! पाखरं हाईत ती!"

काकांनी वही उघडली. पहिल्या पानावर होतं, 'सुतार दोन. धनेश एक.'

"आणि ह्यो धनेश कोण? आपल्या भावकीत तर न्हाय!"

धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी आहे हे काकांना पटवेपर्यंत दोन कप चहा झाला. तेव्हापासून आप्पा सुट्टीला निघाले की आम्ही विचारायचो, "कुठं?" आणि आप्पा म्हणायचे, "हक्क मागाय."

मागता मात्र त्यांना कधीच आलं नाही.

शहरातल्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आप्पा होते. सगळे हातभर लेन्सवाले. दर वर्षी त्यांची यादी छापून यायची. पक्ष्याचं नाव, आणि पुढे तो पहिल्यांदा ज्याला दिसला त्याचं नाव. आप्पा ती यादी बोट ठेवून वाचायचे, वरून खालपर्यंत. त्यात आपलं नाव एकदा तरी यावं असं त्यांना फार वाटायचं. बोलायचे नाहीत, पण ते बोट सांगायचं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ते मला कणकुंबीला घेऊन गेले. लांबूनच थांबवलं.

"त्या फांदीवरच्या वाळल्या पानांकडं बघ."

मी दहा मिनिटं बघितली. पानंच होती.

"काय बघालीस? जरा डावीकडं."

आणि एका वाळल्या पानानं डोळा उघडला.

फ्रॉगमाउथ! आप्पांनी वहीत लिहिलं, 'बेडूकतोंड्या'. खाली घरटं, तळहातात मावेल एवढं, त्यात एकच अंडं. त्या बाजूला हा पक्षी ग्रुपमधल्या कोणालाच कधी दिसला नव्हता.

"नर हाय त्यो. दिवसा बाप बसतोय, रातीला आई," आप्पा कानात म्हणाले. "फर्स्ट शिफ्ट बापाची गं."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

घरी येऊन मीच त्यांच्या फोनवरून ग्रुपवर घरट्याची बातमी टाकली. घाई केली मी, आनंदात.

पाच मिनिटांत ॲडमिनचा फोन. "आप्पा, लोकेशन टाका! रविवारी सगळे येतो. फोटो मिळाला की यादीत तुमचं नाव पक्कं. फोटो नाही तर नोंद नाही."

आप्पांनी जागेचं नाव टाईप केलं. खोडलं. परत टाईप केलं. मी समोर बसले होते.

"टाका की आप्पा. एवढी वर्षं वाट बघितलीत."

"एवढी माणसं गेली तर बाप उठंल गं. बाप उठला की अंडं गेलं. कावळा टपूनच असतोय."

आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'माझी चूक झाली. वाळलं पान होतं.'

ग्रुप हसून हसून लोळला. त्या दिवसापासून आप्पांचं नाव पडलं 'वाळलं पान'. कुठलाही नवा पक्षी आला की कोणीतरी विचारायचं, "आप्पा, पक्षीच ना? की पान?"

मी चिडले. रडले. म्हटलं, मी सांगते सगळ्यांना खरं काय ते.

"हसूदेत गं. अंडं फुटाय पायजे. पर आतनं."

ते फुटलं. आतनंच.

त्या वर्षीची यादी आली. आप्पांनी नेहमीसारखं बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचली, घडी केली आणि कपाटात ठेवली. पुढच्या यादीची वाट बघायला ते राहिले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर काकांनी ती वही मागून घेतली. या वेळी चष्मा लावून, एकेक पान वाचलं. एका नोंदीपाशी थांबले आणि वही माझ्यापुढे धरली.

'बेडूकतोंड्या. पिल्लू उडालं. घरटं रिकामं. आपलं नाव लागलं न्हाय तर न्हाय. हक्क हक्कीचा.'

काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बघ, ह्यानं जल्मात कुणाकडं हक्क मागिटला न्हाय. आणि मी खुळा भांडाय आलतो."

ॲडमिनसाहेब, हे वाचत असाल तर ऐका. ते पान नव्हतं. माझ्या आप्पांचं चुकलं नव्हतं. यादी तुमच्याकडंच ठेवा.

आणि लोकेशन कोणी विचारू नका. या मार्चमध्ये मी जाऊन आले. त्याच बाजूला, एका फांदीवर फर्स्ट शिफ्ट चालू आहे.

आप्पा, तुमच्या लेकीनंही कोणाला सांगितलेलं नाही.

कणकुंबीच्या वाळल्या पानाला भावपूर्ण श्रद्धांजली.