कलम एकशे चाळीस

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी जरा जास्तच वेळा सांगते, असं आई म्हणते. म्हणू दे. आजोबा गिरणीत, बाबा एका टॉवरच्या गेटवर, आई लालबागला मसाला कांडून देणाऱ्या दुकानात. त्यामुळे माझं बी.ए.चं सर्टिफिकेट आलं तेव्हा ते चाळीच्या पूर्ण मजल्यावर फिरलं आणि चहाचा एक डाग घेऊन परत आलं. विषय मराठी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग नोकरी. सरकारची योजना होती: तरुण मुलांना सहा महिने कामावर घ्या, त्यांचं विद्यावेतन आम्ही देतो. मला मिळालं दादरचं ऑफिस, साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे ठिबक सिंचनाचं सामान विकायचे आणि त्यासाठीच्या सरकारी अनुदानाचे अर्ज पुढे पाठवायचे. "दादरला कुठली गं शेती?" मैत्रिणीने विचारलंच. अगं, शेती गावी, पण तिचा कागद घेऊन फिरणारा चाकरमानी परळ-लालबागलाच ना!

ऑफिसचे सर साताऱ्याकडचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सहा महिन्यांनी सरकार हात काढून घेणार. पुढं ठेवायचं का नाही, ते काम बघून ठरवू."

"बघा ना," मी म्हटलं.

पहिला अर्ज मी माझ्या काकांचाच आणला. काका-काकूंनी गावी घरामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, दोन वर्षांपूर्वी हापूसची लागवड केली होती. विहीर खाली, सडा वर. गेल्या उन्हाळ्यात काकू कळशी घेऊन चढताना घसरली आणि मनगट मोडून बसली. काका फोनवर म्हणाले, "ह्या वर्षी पाणी वर गेला नाय, तर सगळा सुकतला. मगे इषयच संपलो. तू शिकलंस, तूच काय ता बघ." पाइप एप्रिल संपायच्या आत बसायला हवे होते, आणि सरकारची पूर्वसंमती आल्याशिवाय ते बसवता येणार नव्हते.

काकांनी सातबारा आणि सही केलेलं कोरं हमीपत्र पाठवलं. मी ते छान वळणदार अक्षरात भरलं. शेवटची ओळ होती: 'कलम ____ मधील अटी मला मान्य आहेत.' मी फोन लावला.

"काका, कलमं किती?"

"एकशे बेचाळीस. दोन वांदरांनी मोडली, ती धरू नको."

मी लिहिलं, एकशे चाळीस. जराही शंका आली नाही. आमच्याकडे हापूसच्या झाडाला झाड म्हणतच नाहीत. कोयीपासून उगवलेला रायवळ असेल तर ते झाड, बांधलेला हापूस म्हणजे कलम. सरकारला प्रत्येक कलमाची काळजी आहे, याचं मला उलट बरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा: 'नियमावलीत एवढी कलमे नाहीत. खुलासा करावा.'

तो वाचला आणि माझे कान तापले. कलम! कायद्याचं कलम! आणि बी.ए. कशात? मराठीत. काकांनी चुकीचं सांगितलं म्हणून सुटता आलं असतं, पण काकांनी बरोबरच सांगितलं होतं. सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"सर, चूक माझी आहे. मी झाडं मोजून लिहिली."

"झाडं?"

"आम्ही हापूसला कलम म्हणतो."

सरांनी टेबलाचा खालचा खण ओढला आणि परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. कलम साठ. कलम दोनशे दहा. एकाने तर लिहिलं होतं, 'कलम पस्तीस, पैकी पाच पायरी.'

"आयला," सर म्हणाले, "मला वाटायचं, कोकणातली लोकं माझी मस्करी करतात."

आम्ही दोघं एवढे हसलो की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

लिहायचं होतं ते फक्त कलम सात. नव्या हमीपत्रावर काकांची नवी सही हवी होती. शेजारचे भाऊ शिमग्याला गावी निघाले होते, त्यांच्या हाती कागद दिला आणि काकांना फोन केला.

"काका, इथे कलम म्हणजे नियम. ते सात आहे."

"सातच? मगे बाकीच्यांका पाणी नाय?"

"सगळ्यांना आहे, काका! तुम्ही फक्त सही करा."

आई घरी मिरच्यांची देठं खुडत ऐकत होती. "पंधरा वर्षं शाळा-कॉलेज केलंस," ती म्हणाली, "आणि सरकारला झाडं मोजून दिलीस!"

शिमगा झाला, भाऊ परतले. कागद कुळथाच्या पिशवीतून आला, पण आला. दरम्यान मी खणातल्या प्रत्येकाला फोन करून तेच समजावत होते, निम्म्यांना मालवणीत. गावी काका कावडीने पहिल्या चार रांगा कशाबशा जगवत होते. त्यांच्या आवाजातला दम ऐकला की मी रोज सकाळी आधी पूर्वसंमती आली का ते बघायची. ती एप्रिलच्या मध्यावर आली. नंतरच्या आठवड्यात पाइप सड्यावर पोचले.

काकूने व्हिडिओ पाठवला. काळ्या नळीतून एक थेंब, मग दुसरा. मागून तिचा आवाज: "बघ गो, कातळ भिजता हा." मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला, सरांना दोनदा.

सहा महिने भरले त्या दिवशी सरांनी नव्या हमीपत्राचा नमुना पुढे केला. शेवटच्या ओळीत कंस घातला होता: 'कलम (आंब्याचे नव्हे)'. म्हणाले, "हे तपास. आणि उद्यापासून वेळेवर ये, आता पगार मी देणार आहे."

गावी पहिल्या रांगेतल्या सातव्या कलमाला काका हल्ली 'ग्रॅज्वेट' म्हणतात. मे महिना संपत आला तरी ते हिरवंगार आहे. हे मी आईला सांगितलं, जरा जास्तच वेळा.