उजवीकडे वळणारे बाबा

सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावर अधिकारी व्हायच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले ते जेमतेम चार मिनिटांत. परीक्षकांनी टेबलावर लाकडाची दोन छोटी जहाजं समोरासमोर ठेवली. "समोरून जहाज येतंय. काय करशील?"

दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण जागेपणी मी माझं जहाज मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडे सरकवलं.

"कुठे राहतेस?"

"लालबागला, सर."

"इथे कशी आलीस?"

"स्कूटरने."

"तरीच," म्हणत त्यांनी दोन्ही जहाजं ड्रॉवरमध्ये ठेवली. "पुन्हा ये."

बाबा तीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले. स्कूटर मला त्यांनीच शिकवली होती, म्हणून माझं नापास होणं त्यांनी स्वतःवर घेतलं. "डावी धर, डावी धर करून मीच तुझं डोकं बिघडवलं."

"तिने अभ्यास केला नसेल," आई म्हणाली. बाबांना ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून समोरून कोणीही आलं की बाबा उजवीकडे वळू लागले. मला सवय लागावी म्हणून मीही वळायचं. चाळीच्या गॅलरीत बादली घेऊन येणाऱ्या शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे डावीकडे झाल्या, बाबा उजवीकडे झाले, आणि अर्धी बादली बाबांच्या लेंग्यावर गेली.

"इथे जागा कमी पडते," बाबांनी निदान केलं. "मोकळं पाणी पाहिजे."

मोकळं पाणी म्हणजे शिवाजी पार्क. सकाळी सहाला आम्ही हजर. बाबा जहाज झाले, मी शेजारून चालत हुकूम देणार.

"बाबा, समोर टोपीवाले काका. आहेत त्याच दिशेला दिसतायत, आणि अंतर कमी होतंय. म्हणजे धडक नक्की."

"मग उजवीकडे?"

"हो, पण चांगलं मोठं वळा. लांबून कळलं पाहिजे त्यांना."

बाबा डेपोत बस घालावी तसे वळले. टोपीवाले काका सभ्य गृहस्थ, ते आपल्या डावीकडे झाले. बाबा आणखी उजवीकडे. काका आणखी डावीकडे. शेवटी दोघं छातीला छाती लावून थांबले आणि काकांच्या हातातला दुधीचा रस बाबांच्या शर्टावर सांडला.

"अहो, बाजूला व्हा की!"

"झालो ना! तुम्हीपण उजवीकडे व्हायला पाहिजे होतं. दोन्ही जहाजांनी उजवीकडेच वळायचं असतं."

काकांनी बाबांना खालून वर पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. "कुठली जहाजं?"

मी माफी मागितली, त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि माझ्या चपला समोरासमोर ठेवून सगळं समजावलं. ते दातांचे निवृत्त डॉक्टर निघाले. दुसऱ्याच्या तोंडातली चूक शोधण्यात आयुष्य गेलेलं. लगेच विचारलं, "समजा एक जहाज वळलंच नाही, तर?"

"भोंग्याचे पाच छोटे आवाज द्यायचे. तुझं काय चाललंय, मला कळत नाही, असा अर्थ."

"हॉर्न आहे?" बाबा उठून उभे राहिले. "मग आधी नाही का सांगायचं!"

त्यानंतर रोज सकाळी डॉक्टर माझी तोंडी परीक्षा घेऊ लागले. परीक्षकांपेक्षा दुप्पट खवट. उत्तर चुकलं की "आ कर" म्हणतात तसं "पुन्हा सांग" म्हणायचे. पुढच्या खेपेला मी पास झाले. बाबांनी पेढ्यांचा पहिला पुडा आईच्या आधी पार्कात नेला.

सेकंड मेट पास झालं की जहाजावर सुरुवात थर्ड ऑफिसर म्हणून होते. माझ्या पहिल्याच महिन्यात, सकाळच्या ड्युटीवर एक भलंमोठं तेलवाहू जहाज अगदी समोरून आलं. कॅप्टन मागे चहा पीत उभे होते. मी सुकाणू धरलेल्या खलाशाला उजवीकडे वळायला सांगितलं. थोड्या वेळाने समोरचंही उजवीकडे वळलं, आणि आम्ही एकमेकांना डावी बाजू दाखवत लांबून निघून गेलो. कॅप्टननी दुसरा चहा मागवला.

ड्युटी संपल्यावर मी घरी फोन लावला. बाबांनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

"आणि जाताना तो काय बोलला?"

"कोण?"

"समोरचा."

"काहीच नाही बाबा. का बोलेल?"

बाबांनी आईला हाक मारली. "अगो, ऐकलंस? दोन एवढी मोठी जहाजं समोरासमोर आली आणि कोणी कोणाला शिवी नाही दिली!"