बड्या दिनाची डाली

गावात आजबी कुनी इचारलं तर सांगतात, बायनाबाईचं डोकं पोराच्या मरनानं फिरलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! तिचं डोकं शेवटपस्तोर ठिकानावर व्हतं, तेच तर वाईट झालं. मी रामहरी. सुंदररावाचा सालगडी, त्याची गाडी हाकायचो. त्या डालीसंगं हैदराबादेला मी गेलतो. जे बघितलं ते सांगतो, पटलं तर घ्या.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. बायनाबाईचा नवरा लवकर गेला, एकच पोरगा राहिला, बंकट. मायलेकरं सुंदररावाचं रान बटईनं करायची. बाई तोंडाची लई फटकळ. मी गाडी घेऊन दारावरनं गेलो की म्हनायची, "रामहरी, तू बैलं हाकतोस का बैलं तुला?" पन कामाला वाघीन.

बंकटचं लगीन झालं अन् त्याच साली गावात पटकी आली. ढाळ-उलटीनं पोरगं चिपाड झालं, डोळे खोल गेले. बायनाबाईनं मरीआईच्या ओट्यावर कपाळ टेकलं. "आई, एवढा एक ठिव. माझ्या शेळीचं पहिलं बोकड तुझं." बंकट उठला. पुढं शेळी व्याली, तवा तिनं पिलाच्या कानाला कातर मारली, कपाळाला हळदकुंकू लावलं अन् देवीच्या नावानं सोडून दिलं.

सोडलेलं बोकड म्हंजी काय, ते आमच्याकडं पोरासोराला ठावं असतं. त्याला कुनी बांधत न्हाई, कुनी हाकलत न्हाई. ते आखाडात देवीपुढंच पडायचं. बदली चालत न्हाई. न्हाई पोचलं, तर ज्याच्यापाय नवस बोलला त्यालाच देवी माघारी मागती. तुमी हसाल. हसा बापडे. बायनाबाईला ते दिवस उगवतो इतकं खरं व्हतं.

गावभर खाऊन बोकड असं माजलं म्हनता! काळंभोर, उंचंपुरं. बाजाराला आलेले खाटीक उभे राहून बघायचे. तसंच एक दिवस सुंदररावानं बघितलं.

सुंदररावाचा भावकीशी पाटीलकीचा तंटा चाललेला. राज निजामाचं, कागद हैदराबादेत अडकलेले. कुनीतरी त्याच्या कानात भरवलं, शिकंदराबादेत एक बडा साहेब हाय, त्याचा शब्द चालतो. साहेबलोकांचा बडा दिन, म्हंजी नाताळ, आला की डाली घेऊन जायचं. फळं, फुलं, मेवा असा टोपल्या भरून नजराना. साहेब खुश झाला की काम झालं. सुंदररावानं संत्री घेतली, बदाम-खारका घेतल्या, अन् वर बायनाबाईचं बोकड. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

बाई त्याच्या दारात गेली. "मालक, ते देवीचं हाय. त्याला कावून हात लावता?"

"आखाडाला लई अवकाश हाय," सुंदरराव म्हनला. "त्याच्या आत याच्याहून तोलदार बोकड तुझ्या दारात बांधतो. शब्द हाय माझा."

"बदली चालत न्हाई, मालक."

"पुढच्या साली रान करायचं हाय न्हवं तुला?"

बाई म्हनली, "मी संगं येते. मोकाट जनावर हाय, तुमाला आवरायचं न्हाई." सुंदररावाला वाटलं, बाई नरमली. पन गाडीत मला तिनं खरं सांगितलं. "सनाच्या दिशी दारात आलेल्याला आपन कदी रिकामं धाडतो का रे? ह्यो तर एवढा मोठा साहेब, अन् त्याचा सन. मी पदर पसरते अन् माझं बोकड मागून आनते." असला हिशोब आमच्याच लोकांला सुचतो.

परभनीपस्तोर गाडी, तिथनं आगीनगाडी. शिकंदराबादेत उतरलो अन् देवा, काय ती चंगळ! बंगल्या-बंगल्याला झेंडूच्या माळा, साहेबांच्या देवळाच्या घंटा थांबत नव्हत्या. हुसेनसागराच्या बांधावर बेंडबाजा, बग्ग्यांची रांग, मडमांच्या टोप्यांवर पाखराची पिसं. त्या दिवसांत साहेबलोक घरात जेवतच न्हाईत म्हनं, बिऱ्हाड घेऊन रानात जातात. बायनाबाई म्हनली, "एवढे मोठे बंगले बांधले कशाला मग?" मी हसलो. तीबी हसली. तिचं ते शेवटचं हसनं मी बघितलं.

आमचा साहेब गोवळकोंड्याला गेलता, बादशहांच्या घुमटांपाशी. तिथं बागेत तंबू ठोकलेला, गालिचे आंथरलेले, तळलेल्या कोंबड्यांचा वास. सुंदररावानं वाकून वाकून डाली मांडली. साहेबाच्या पोरांनी संत्र्यांकडं बघितलंबी न्हाई, बोकडाकडं धावली. सनापाय त्यांला एक इवलीशी गाडी करून दिलेली व्हती. पोरांनी बोकडाच्या शिंगांना तांबड्या फिती बांधल्या, खानसाम्यानं त्याला गाडीला जुंपलं. बोकड बिथरलं, पोरं किंचाळली. तवा बायनाबाई पुढं झाली, त्याच्या कानापाशी काहीतरी बोलली अन् गळ्याला धरून चालवायला लागली. देवीचं बोकड गाडी ओढायला लागलं. समदी साहेबमंडळी टाळ्या पिटत उठली.

साहेब खुश झाला. बायनाबाईकडं बोट करून त्यानं हिंदुस्तानीत इचारलं, ह्या बाईला काय पायजे?

एवढ्याचसाठी तर ती आलती. पदर पसरून ती तिथंच गुडघ्यावर बसली. "साहेब, मला रुपाया नगं, लुगडं नगं. ते बोकड मरीआईचं हाय. माझ्या बंकटचा जीव हाय त्याच्यात. तेवढं माघारी द्या. तुमची पोरंबाळं सुखी राहतील."

साहेबाला मराठी कुठली? त्यानं सुंदररावाकडं बघितलं. सुंदरराव कचेरीच्या उर्दूत लांबलचक बोलला. मला बाजाराची उर्दू येती, ती कचेरीची डोक्यावरनं गेली. साहेबानं मान डोलावली, सुंदररावाचं नाव इचारलं, पाठीवर थापबी मारली. मडमीनं बायनाबाईच्या हातावर केकचा तुकडा ठेवला. बाईला वाटलं, झालं काम. ती बोकडाच्या फिती सोडायला गेली तर चपराशानं तिला मागं वढलं.

"काय बोलला माझा मालक?" म्या खानसाम्याला इचारलं.

तो गालात हसला. "बोल्या की बाई कू कुछ नको. बकरा देवी का परसाद है, बच्चों के वास्ते लाई. बस, उसके मालिक कू पाटीलकी मिल जाए, इत्ताच मांगती."

म्या तिथंच बायनाबाईला ते सांगितलं. ती हंबरली, "साहेब, ह्यो खोटं बोलला वो!" साहेबानं हात हलवला, त्याला वाटलं बाई दुवा देती. चपराशानं आमाला बागेच्या भाईर काढलं. केकचा तुकडा तिच्या मुठीत चुरून गेलता.

चैत्रात सुंदरराव पाटील झाला. गावात साखर वाटली. आखाड लागला तशी बायनाबाई बदलीला बोकड मागायला रोज त्याच्या दारात. "आईच्या पाया पडते, बदलीचंच घे म्हनते. पन द्या, मालक." पाटलाला फुरसत नव्हती. आखाड गेला. दसऱ्याच्या पुढं-मागं मानमोडीची साथ आली. घरटी मानूस गेलं, मी न्हाई म्हनत न्हाई. तापानं बंकटबी गेला. बायनाबाई रडली न्हाई. एवढंच म्हनली, "आईनं वाट बघितली. तिचा काय गुन्हा न्हाई."

सून माहेरी गेली. पौषात पाटील पुन्यांदा डाली देऊन माघारी आला अन् थेट बायनाबाईच्या दारात उभा राहिला. नवा फेटा, तोंड हसरं. "बायना, खुशखबर हाय! तुझं बोकड जितं हाय. साहेबानं कापलं न्हाई. पोरं त्याला गाडीला जुंपून तळ्यावर फिरवतात. लई मजेत हाय."

बायनाबाई म्हनली, "मालक, कापलं असतं तरी म्या मनाला समजावलं असतं. ते जितं हाय अन् माझा बंकट न्हाई."

पाटलाला काय कळलं कुनास ठावूक. "म्या कबूल केलेलं इसरलो न्हाई बरं का," म्हनला अन् गेला.

अन् खरंच इसरला न्हाई. पुढच्या आखाडात त्यानं माझ्या हाती बोकड धाडलं. चांगलं तोलदार. म्या ते तिच्या दारात नेलं. ती भाईर आली, बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवला.

"रामहरी," ती म्हनली, "आता ह्ये कुनाच्या जिवासाठी कापू?"

दोर धरून माघारी फिरलो. पाटलानं सांजच्याला तेच बोकड कापलं अन् गावजेवन घातलं. पंगतीत जो-तो म्हनत व्हता, सुंदरराव पाटील म्हंजी दिल्या शब्दाला जागनारा मानूस.