मंगळवारचा धूर

घानाच्या किनाऱ्यावर एन्सुआनो गावात पहिली होडी वाळूला लागली की अराबा ओटू मासळीचा भाव सांगते आणि गावभर तोच भाव चालतो. आईमागून भाव ठरवणारीची ही मानाची खुर्ची तिच्याकडे आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा समुद्रावरून परतला नाही, घरापुढची माडांची रांग भरतीनं गिळली. अराबानं मासळी धुरवायची भट्टी दोनदा मागं सरकवली, पण मोडली नाही.

मंगळवारी मात्र समुद्राला विश्रांती. एकही होडी जात नाही, पुरुष जाळी सांधत बसतात. अशाच एका मंगळवारी मासळीच्या नोंदी करणारी विद्यापीठातली मेन्सिमा वही घेऊन अंगणात आली, तेव्हा भट्टी धुमसत होती आणि अराबा धुरवायला बोटभर मासे ताटात मांडत होती. माशांना अजून बर्फ चिकटलेला होता. सोमवारी साऱ्या होड्या रिकाम्या आल्या, हे मेन्सिमानं कालच लिहून घेतलं होतं.

अराबाचा हात थांबला. परदेशी ट्रॉलर चोरून माशांची पिल्लं उपसतात आणि त्यांच्या गोठवलेल्या लाद्या भरसमुद्रात विकतात. 'ती मासळी घेईल तिची भट्टी बंद,' असं सगळ्या बायकांसमोर अराबानंच बजावलं होतं.

मेन्सिमानं पेनाला टोपण लावलं. "मावशी, आज नुसती तुमच्या हातचं मक्याचं केंके खायला आलेय."

"खोटं बोलणं तुला जमत नाही, पोरी," अराबा म्हणाली. "लिही."

नणंद एकुआ आतून धावत आली. "वहिनी, डोकं फिरलंय का? खुर्ची जाईल!"

"जाऊ दे. तिच्यानं नुसती कंबर धरते." मग अराबाचा आवाज उतरला. "तीन आठवडे भट्टी थंड होती. माझ्याकडच्या चार बायका रोज येऊन अंगण झाडून जायच्या, तोंडानं काही मागायच्या नाहीत. मला बघवेना." ती मेन्सिमाकडे वळली. "तू हे लिहिलं नाहीस, तर हा धूर बघून सरकारातले वरचे म्हणतील, मासळी आहे की यांच्याकडे!"

मेन्सिमानं टोपण काढलं. अराबानं तळहातावर मासे ठेवले. अकरा मावले.

"माझ्या आईच्या हातात एकच मावायचा. हेही लिही."

एकुआ दाराशी घुटमळली. "माझं नाव नको हं टाकूस," ती पुटपुटली. "पण दोन लाद्या मीही घेतल्यात."

अराबानं बाकावर सरकून तिला जागा दिली.