सात महिन्यांचा नमस्कार

विद्येपुढे मस्तक आपोआप झुकतं, असं आमचे प्राध्यापक पदवीदानाच्या भाषणात म्हणाले होते. बालमेंदूविकारतज्ज्ञ व्हायला मला बारा वर्षं लागली. अमरावतीत दवाखाना उघडला तेव्हा पाटीवर पदव्यांनाच दोन ओळी गेल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक मस्तक झुकलंही. ते सात महिन्यांच्या मुलीचं होतं, आणि तो आजार होता.

दर्यापूरकडच्या खेड्यातून तिला आई आणि आजोबा, म्हणजे आईचे सासरे, घेऊन आले होते. आजोबांनी मोबाइल पुढे केला.

"पाहा डाक्टरसाहेब. झोपेतून उठली का नमस्कार करते. आमी शिकवलाबी नाही!"

व्हिडिओत मुलीची मान खाली जात होती, हात पुढे येत होते. थोडं थांबून पुन्हा तेच. भोवती अख्खं घर हसत तिला उलट नमस्कार करत होतं.

मी मोजत होतो. सात, आठ, नऊ. हे अपस्माराचे झटकेच होते! मी शिकत असताना आजारी मुलं आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरांची निदानाची चिठ्ठी घेऊनच येत. ही चिठ्ठीशिवाय आली होती आणि मी ओळखलं होतं. आनंदाने मी खुर्चीतून उठलोच. मग आईचा चेहरा पाहून परत बसलो.

"आंधी हासे," ती सासऱ्यांकडे पाहत म्हणाली. "आता माह्याकडे पाहतबी नाही. मामाजी म्हणतात, शहाणी झाली."

मी सांगितलं, हे झटके थांबले नाहीत तर मेंदू शिकलेलं विसरत जातो. आजच औषध सुरू करायचं. आधी मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी.

आजोबांनी मोबाइल खिशात ठेवला.

आलेखाच्या तारा डोक्याला चिकटवाव्या लागतात. मुलीच्या टाळूवर सकाळीच वाटीभर तेल जिरवलेलं होतं. एकही तार टिकेना. बारा वर्षांत याचा धडा नव्हता. शेवटी बेसिनपाशी मी मुलीला धरलं आणि आईने शाम्पूने डोकं धुतलं, दोनदा.

"अजून चोळा," मी म्हणालो.

"तुमी नीट धरा ना," ती म्हणाली.

मुलगी रडून झोपली, आणि पडद्यावर रेघांचा तोच बेशिस्त गोंधळ उमटला, जो मी व्हिडिओवरूनच ओळखला होता. त्याच दुपारी औषध सुरू झालं.

मी दर गुरुवारी अकोल्यात रुग्ण पाहतो. तिसऱ्या गुरुवारी ते तिघं तिथे आले. झटके पाच दिवसांपासून बंद होते.

"आता कोणालेच नमस्कार नाही करत," आजोबांनी कळवलं. सुरात थोडी तक्रार होती.

मी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनेही पाहिलं, नीट, आणि हात उचलला. आईने श्वास रोखला. पुढच्या क्षणी माझा चष्मा मुलीच्या मुठीत होता.

माझ्या चष्म्याची डावी काडी अजून वाकडी आहे.