चव पोचली नाय

कुणाच्याही घरात चुलीवर पातेलं दिसलं की काकांचा डावा तळहात आपोआप पुढे यायचा. घरातल्या बाईने त्यावर आमटीचा थेंब टाकायचा, काकांनी तो चाटून डोळे मिटायचे, आणि सगळ्यांनी निकालाची वाट बघायची. "चव आलीय गो," ते म्हणायचे, "पण पोचली नाय." पोचली हे ऐकण्याचं भाग्य आमच्या आळीत फार थोड्या बायकांना लाभलं. माझी आई त्यांतली एक, आणि ती हे पाहुण्यांना अजून सांगते.

असा चाखणारा तुमच्याही शेजारी असेल. पण आमचा जग फिरून आलेला होता. काका मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. सुट्टीला आटगाव स्टेशनला उतरून घरी आले की आम्ही घड्याळं आणि सेंटच्या बाटल्या बघायला जमायचो. बॅगेतून निघायच्या कुठल्या कुठल्या देशांच्या सुक्या मिरच्या. एकदा खाऱ्या पाण्यातल्या ऑलिव्हची बरणी निघाली. काकींनी त्यातलं एक चावून बघितलं.

"ही तर खारवलेली करवंदं," त्या म्हणाल्या. "त्यासाठी एवढ्या लांब गेलात? मागच्या माळावर मिळाली असती."

बंदरात बोट लागली की बाकीचे बाजारात जायचे आणि काका खानावळ शोधायला. तिथल्या गोष्टी ओटीवर बसून आम्हाला ऐकवायचे. इटलीत भात मुद्दाम जरा कच्चा ठेवतात हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा काकी आतून म्हणाल्या, "मग माझा एकदा तसाच राहिला तर ताट का सरकवलंत?" काकांनी लगेच विषय बदलून जपानला नेला.

त्यांच्या हाताला मात्र खरंच चव होती. सुकटीचं कालवण असं करायचे की आम्ही बोटं चाटत बसायचो. पण जेवून उठताना नुसतं "छान झालं" म्हणायची सोय नव्हती. "छान म्हणजे काय रे? छान तर पडदे पण असतात. मीठ कसंय सांग, आंबट कसंय सांग." मुरबाडला माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात ते मांडवामागे जाऊन आचाऱ्याला असंच काहीतरी बोलले. आचाऱ्याने शांतपणे डाव त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खाटेवर जाऊन बसला. पंगत उशिरा बसली, पण त्या वांग्याच्या भाजीची आठवण आमच्याकडे अजून काढतात.

एकच इच्छा त्यांची राहिली होती. गावच्या मारुतीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक एकदा आपल्या हातचा व्हावा. "सगळ्या जगाला खायला घातलं, पण आपल्या देवाला नाय," असं ते म्हणायचे. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत पातेल्यातलं काही चाखत नाहीत, आणि अडचण नेमकी तिथेच होती. एका वर्षी त्यांना आमटीपाशी उभं केलं, तर उकळी फुटायच्या आतच तळहात पुढे आला. सगळं पातेलं उष्टं झालं. नैवेद्याची आमटी धावतपळत शेजारच्या घरून आणावी लागली. त्यानंतर देवळाचे म्हातारे कारभारी दरवर्षी एकच सांगायचे, "तुझा हात नाय राहायचा रे बाबा."

मग साथीचं वर्ष आलं. काका तापाने आडवे झाले आणि उठले ते बदलूनच. कुणाच्या घरात शिरले तरी तळहात पुढे येईना. माझ्या बायकोची करपलेली खिचडी त्यांनी निमूट खाल्ली. काकी तर आनंदाने फुलून गेल्या होत्या. "हल्ली रोज म्हणतात पोचलं," त्या आईला सांगायच्या. काका निवळले, देवाला लागले, असं गावाचं एकमत झालं आणि कारभाऱ्यांनी भंडारा त्यांच्या हवाली केला.

त्या दिवशी काका डोक्याला पंचा बांधून पातेल्यापाशी उभे होते. हात एकदाही हलला नाही. कारभारी भरल्या डोळ्यांनी बघत होते. घंटा वाजली, नैवेद्य झाला, पंगती बसल्या. माझ्याकडे लोणचं वाढायचं काम होतं. वाडगं भरून निघायचो आणि अर्ध्या पंगतीतच संपायचं. प्रसादाला नावं ठेवायची नसतात, म्हणून कुणी तोंडातून अक्षर काढलं नाही. आमटी अगदी अळणी होती.

मी जेवून उठलो तसे काका माझ्याजवळ आले. "कसं झालंय?"

"छान," मी म्हणालो.

"पडदे," ते म्हणाले. मग लोणच्याच्या रिकाम्या बरणीकडे बघत हळूच म्हणाले, "मीठच नाय ना रे आमटीत? पंगत लोणच्यावर तुटून पडली तेव्हाच कळलं मला. टाकलं का नाय तेच आठवेना. आणि चाखून तरी काय समजणार होतं? तापापासून तोंडाला कायच लागत नाय. गूळ आणि मीठ सारखंच."

मला फार वाईट वाटलं.

"काकीला सांगू नको," ते म्हणाले. "एवढी वर्षं बिचारीला पोचलं म्हटलं नाय. आता म्हणतोय तर म्हणू दे."

पुढच्या वर्षीही आणि त्यानंतरही भंडारा त्यांच्याकडेच आला. नैवेद्याची घंटा झाली की ते मला पातेल्यामागे बोलवायचे आणि माझ्या तळहातावर थेंब टाकायचे. "बोल," म्हणायचे. मी मीठ सांगायचो, आंबट सांगायचो, ते त्याप्रमाणे मिठाची, चिंचेची मूठ सोडायचे. मी पोचली म्हणेपर्यंत वाढप्यांना हात लावू द्यायचे नाहीत.

गेल्या थंडीत काका गेले. यंदा भंडारा दुसऱ्यांनी रांधला. मी लोणचं घेऊन फिरत फिरत काकींच्या पानापाशी आलो.

"तू चाखायचास ना त्यांच्यासाठी?" त्या एकदम म्हणाल्या.

मी लोणच्याचा चमचा वाडग्यात ठेवला.

"मला काय कळत नव्हतं? एकदा मुद्दाम बिनमिठाची डाळ वाढली. तरी म्हणाले, पोचली."

"मग तुमी काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी परत विचारलं, कसं झालंय." त्यांनी आमटीत भात कालवला. "पोचली म्हणताना त्यांचं तोंड बघायला हवं होतंस."

मी वाडगं पुढे केलं. काकींनी पानावर हात आडवा धरला.

"लोणचं नको रे," त्या म्हणाल्या. "आज आमटीला मीठ आहे."