चपला काढून ऐकलेला बँड

लेक कॉन्सर्टला निघाली होती. "आई, कुठले बूट घालू?" तिनं विचारलं आणि मी मनानं माझ्या तरुणपणीच्या, बेळगावच्या कॅम्पातल्या त्या मैदानावर पोचले.

बेळगुंदीहून मी आणि मैत्रीण सुमन पहिल्यांदाच बँड ऐकायला गेलो होतो. गावात भजनाला बसतो तशा चपला कडेला काढून, पुढं मांडी घालून बसलो. गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान बुटांसकट नाचायला लागलं. लाजेनं माझे कान तापले.

"चपला आणू या गं?"

"ऱ्हाऊ देत की! ऊठ आधी," सुमन म्हणाली.

गवत गार होतं. ड्रमचा ठोका जमिनीतून थेट तळव्यांत चढत होता. बूटवाल्यांना तो कळत असेल का, हे तेव्हापासूनचं माझं कोडं आहे.

"कुठलेही घाल," मी लेकीला म्हटलं. "पण एका गाण्याला काढून बघ, आणि फरक मला येऊन सांग."